कोऱ्या वाद्या

"...मग खोट आहे तरी कुठं?"

हा प्रश्न रायाजी लोहारानं आजवर पाच गावांत विचारला होता. सहाव्यांदा विचारताना त्याचा आवाज चिरकला.

समोरच्या म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. मांडीवर चामड्याचा तुकडा होता, हातात चामडं तासायची रापी होती. रापी चालत राहिली.

"येसबा, तुम्हाला विचारतोय मी."

"ऐकलं."

"मग?"

"...बस आधी."

रायाजी बसला नाही. त्यानं खांद्यावरचं गाठोडं ओसरीवर ठेवलं, गाठ सोडली आणि आतलं चिलखत हलक्या हातानं उलगडलं. निजलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारावं तसं.

वेताळगडाच्या पायथ्याशी ही जिनगरांची आळी. एके काळी इथं सकाळपासून ठोकठोक चालायची. खोगिरं व्हायची, तलवारींची म्यानं व्हायची, आणि कापडाखाली लोखंड दडवलेली चिलखतं तर लांबलांबचे सरदार इथून करून न्यायचे. मग बंदुका आल्या. गोळीपुढं चिलखत काय करणार? गडावरचं ठाणं हललं, गिऱ्हाईक आटलं, एकेक घर कुलूप लावून पोटामागं गेलं. आता आळीत येसबा होता, आणि पडक्या ओसऱ्यांवर चरणाऱ्या शेळ्या होत्या. कुणाच्या होत्या कोण जाणे.

येसबाच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

पण लोहार लोक म्हणायचे, चिलखताची नाडी बघणारा एकच माणूस उरलाय. म्हणून रायाजी इथवर आला होता.

"हे मी केलंय," तो म्हणाला. "निंबाळ पेठेत माझी भट्टी आहे. होती."

येसबानं रापी खाली ठेवली. हात पुसले. मग चिलखत मांडीवर ओढून घेतलं.

वरून लाल मखमल. मखमलीवर पितळी खिळ्यांची डोकी, तीन-तीनच्या झुबक्यांनी, ओळीनं. न जाणत्याला वाटावं, कुणा हौशी सरदाराची बंडी आहे, सणासुदीला घालायची.

म्हाताऱ्याची बोटं खिळ्यांवरून फिरली. सावकाश. एकाही ओळीवर ती अडखळली नाहीत.

"हात चांगला आहे," तो म्हणाला.

रायाजीची मान आपसूक ताठ झाली. दोन वर्षं दाढी वाढलेली, पायांत वहाण नाही, तरी ताठ झाली.

"उलट कर."

रायाजीनं चिलखत उलटं केलं. आता खरं रूप दिसलं. मखमलीखाली दुहेरी दोसुतीचं जाड कापड, आणि त्या कापडाला आतून जडवलेल्या लोखंडाच्या पात्या. माशाच्या खवल्यांसारख्या, एकीवर एक चढलेल्या.

"सांग," येसबा म्हणाला. "कसं केलंस ते सांग. मला दिसत नाही, असं समजून सांग."

तेवढंच हवं होतं रायाजीला. तो खाली बसला.

"छातीवर दोन मोठ्या पात्या, दोन्ही बाजूंना. मधोमध थोडा फुगवटा दिलाय, म्हणजे भाल्याचं टोक रुतत नाही, घसरतं. कमरेला लहान लहान पात्या. दोन बोटं रुंद. मोठ्या लावल्या तर माणूस वाकणार कसा, घोड्यावर बसणार कसा? प्रत्येक पाती शेजारणीवर अर्धं बोट चढलेली. वाकलं तरी सांधा उघडत नाही."

"हं."

"कडा कानशीनं घासून गोल केल्यात, कापड कापू नये म्हणून. सगळ्यांना कल्हई केली, घामानं गंज धरू नये म्हणून. खिळा बाहेरून आत घातलाय. मखमल, दोसुती, मग पाती. आत आलेला बुंधा ठोकून चपटा केलाय. माझा एक खिळा हलवून दाखवा!"

येसबानं एक पाती नखानं उचकून पाहिली. हलली नाही.

"लोखंड?"

"माझ्या हातानं गाळलेलं. चार वेळा घडी घालून ठोकलेलं. पाच गावच्या कारागिरांना दाखवलं, येसबा. एकानंही... एकानंही बोट ठेवलं नाही कुठं. एक पाती फुटलेली नाही. एक खिळा उडालेला नाही. बाण लागल्याच्या तीन खुणा आहेत, तिन्ही वरच्या वर. आणि तरी..."

"आणि तरी?"

"तरी आतला माणूस मेला."

ओसरीखाली एक शेळी पाला ओरबाडत होती.

"कोण होता?"

"भाऊ. धाकटा. भानजी."

रायाजीच बोलत गेला. नदीच्या उतारावर चकमक झाली. शंभरांतले सत्तर जिवंत आले, त्यांत भानजी नव्हता. त्याच्या सोबतीचा एक स्वार चिलखत घेऊन पेठेत आला. धुऊन आणलं होतं त्यानं. म्हणाला, उजव्या कुशीत घाव होता. भाला शिरला. कसा शिरला ते कुणी पाहिलं नाही.

"स्वार म्हणत होता, रोज घालायचा म्हणे," रायाजी म्हणाला. "उन्हाळ्यातसुद्धा. बाकीचे काढून घोड्यावर टाकायचे, हा घालून बसायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, माझ्या दादानं केलंय."

हे सांगताना त्याचा आवाज जरा वर चढला. मग त्याला ते कळलं.

त्या दिवसापासून भट्टी विझली होती. बायकोनं दोन महिने वाट पाहिली, समजावलं, रडली, आणि मग मुलीला घेऊन माहेरी गेली. रायाजी दिवसभर चिलखत मांडीवर घेऊन बसायचा. प्रत्येक पाती, प्रत्येक खिळा. खोट सापडली की आपण सुटू, किंवा निदान कायमचे अडकू... दोन्हींतलं काहीही चाललं असतं. हे मधलं सोसवत नव्हतं.

"अंगात घाल," येसबा म्हणाला.

"काय?"

"चिलखत. अंगात घाल."

"मी?"

"माझ्याच्यानं उचलत नाही आता."

दोन वर्षं रायाजीनं ते खांद्यावर वाहिलं होतं, उशाशी घेऊन तो झोपला होता. अंगात कधी घातलं नव्हतं. का घातलं नव्हतं, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं ते डोक्यातून घातलं. पुढचा भाग छातीवर आला, मागचा पाठीवर. आता दोन्ही कुशींत वाद्या लावायच्या. मागच्या भागाला चामड्याच्या तीन-तीन वाद्या, पुढच्या भागाला पितळी आकडे. वादीची भोकं आकड्यात अडकवली की झालं.

डाव्या बाजूच्या तिन्ही वाद्या त्यानं लावल्या.

मग उजव्या बाजूच्या. पहिली वादी वळवताना ती करकरली. दुसरीही करकरली. तिसरी आकड्यात जाईचना, ओढूनताणून लावावी लागली.

येसबानं मान कलती केली.

"सोड. पुन्हा लाव."

"कुठल्या?"

"दोन्हीकडच्या."

रायाजीनं सोडल्या. पुन्हा लावल्या. डावीकडून काही आवाज नाही. उजवीकडून... कर्र. कर्र. कर्र.

"आणखी एकदा."

"येसबा, चेष्टा करताय का माझी?"

"आणखी एकदा, लोहारा."

तिसऱ्यांदाही तसंच झालं.

म्हातारा हात टेकत उठला. चाचपडत जवळ आला. त्याची बोटं रायाजीच्या डाव्या कुशीत शिरली, वादीवरून फिरली.

"किती भोकं आहेत?"

"पाच."

"तू कितव्यात अडकवलीस?"

"दुसऱ्या."

"शेवटचं बघ. पाचवं."

रायाजीनं मान वाकवून पाहिलं. डाव्या वादीचं पाचवं भोक ओढून ओढून लांबट झालं होतं, तोंड पसरल्यासारखं. त्याच्या कडेला चामडं तडकलं होतं. बाकी चार भोकं गोल होती, नवी.

"आता उजवीकडची."

उजवीकडच्या वाद्यांची पाचही भोकं गोल होती. चामडं ताठ होतं. मोच्यानं दिलेला तेलाचा हात अजून वर चमकत होता.

"वापरलेली वादी बोलत नाही," येसबा म्हणाला. "ही बोलते. कुणी कधी लावलीच नाही हिला."

रायाजीनं उजवी वादी पुन्हा वाकवून पाहिली.

"वाद्या मी केल्या नव्हत्या," तो म्हणाला. "मोच्यानं लावून दिल्या. मी लोखंडाचं काम करतो. चामड्याकडं मी..."

"बघितलं नाहीस."

"नाही."

"ते पाचजण?"

"तेही लोहारच होते."

येसबाचे हात आता चिलखतावरून चालले होते. खांद्याची शिवण, छातीचा फुगवटा, काख, कंबर. प्रत्येक ठिकाणी बोटं आत घालून तो किती जागा उरते ते बघत होता. कुठं जास्त नव्हती, कुठं कमी नव्हती. खांदा खांद्यावर होता. काख काखेत होती. चिलखत रायाजीच्या अंगावर असं बसलं होतं की जणू अंगासोबत वाढलं होतं.

म्हातारा मागं सरला.

"बेतून केलेलं चिलखत आहे," तो म्हणाला. "एका माणसाच्या मापाचं. उत्तम माप आहे. कुणाचं?"

रायाजीला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला.

"भाऊ तुझ्याहून थोराड होता का रे?"

"नाही!" रायाजी ओरडला. "माझ्याएवढाच होता. माझ्याहून बारीकच. घर सोडून गेला तेव्हा..."

"तेव्हा केवढा होता?"

"...सतरा."

"आणि मेला तेव्हा?"

रायाजीनं दोन्हीकडच्या वाद्या ओरबाडून सोडल्या, चिलखत डोक्यातून काढलं, गाठोड्यात कोंबलं.

"आंधळ्याला विचारायला आलो, माझंच चुकलं," तो म्हणाला आणि ओसरी उतरला.

येसबा त्याला थांब म्हणाला नाही.

गडाची वाट चढून रायाजी पहिल्या दरवाज्यापाशी गेला. दरवाजा नुसता नावाला होता, फळ्या कुणीतरी सरपणाला नेलेल्या. चौकीची ओटी रिकामी. खाली आळीचं एकच छप्पर धुरकटलेलं दिसत होतं, बाकीची बोडकी. तो ओटीवर बसला.

पाच वर्षं सैन्यात. रोज घोडा, रोज भाला, रोज मैलोगणती रपेट. सतराचा पोरगा बाविसाचा होईतो त्याची छाती केवढी भरली असेल? हा हिशेब पेठेतल्या कुठल्याही शिंप्यानं सांगितला असता.

त्यानं गाठोडं सोडलं. उजवीकडची एक वादी हातात घेतली आणि उगाच वाकवत राहिला.

भानजी कसा घालत असेल, ते आता त्याला दिसायला लागलं. नको असताना दिसायला लागलं. डावीकडं शेवटच्या भोकात कशीबशी अडकवायची. उजवीकडं चार बोटं फट राहायची, तिथं वादी पोचतच नसेल. मग ती तशीच लोंबती सोडायची, किंवा आत खोवायची. वरून शेला गुंडाळायचा, कुणाला दिसू नये म्हणून. मग घोड्यावर चढायचं. कुणी हसलं तर सांगायचं...

ऊन उतरलं. गडावरून कुणी आलं नाही, खालून कुणी वर गेलं नाही. दोन वर्षांत त्याला प्रथमच वाटलं, आपल्याशी कुणीतरी बोलावं. कुणीही. पण त्या ओटीवर वारा होता, तोही दुसरीकडं जायच्या घाईत.

दिवस मावळायच्या आत तो खाली उतरला आणि ओढ्याकाठच्या वेताळाच्या देवळीपाशी पडून राहिला.

सकाळी येसबा ओसरीवर चूल पेटवत होता. पावलं ऐकून म्हणाला, "भाकरी आहे. मीठ-मिरची आहे. दुसरं काही नाही."

रायाजी पायरीवर बसला. भाकरी हातात घेतली, खाल्ली नाही.

"त्यानं निरोप धाडला होता," तो म्हणाला.

येसबा फुंकणीनं जाळ फुलवत राहिला.

"तो सैन्यात जातो म्हणाला तेव्हा मी सांगितलं होतं, भट्टी सोडलीस तर या उंबऱ्याला पाय लावू नकोस. बाप मेल्यावर मीच वाढवला होता त्याला. हातोडी मीच धरायला शिकवली. आणि हा दुसऱ्याच्या घोड्यामागं निघाला... गेला तो गेला. चार वर्षं तोंड बघितलं नाही आम्ही एकमेकांचं. मग एका व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर निरोप आला. दादा, मला एक चिलखत करून दे. तुझ्या हातचं हवं. आणि..."

फुंकणी थांबली.

"आणि विचारलं होतं, माप द्यायला येऊ का?"

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"मी म्हटलं, यायची गरज नाही. तुझं माप मला पाठ आहे."

हे वाक्य त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बोलून झाल्यावर तो ओझं टाकल्यासारखा हलका होईल, असं त्याला कधीकधी वाटायचं. तसं काही झालं नाही. ओसरी होती तशीच होती. भाकरी हातात गार होत होती.

"रात्री भट्टीपुढं उभा राहून मी माझ्याच छातीवर पात्या लावून बघायचो," तो म्हणाला. "भाऊच आहे, म्हटलं. एका हाडाचा. वेगळा किती असणार?"

येसबानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तंग होतं तर परत धाडायचं होतं त्यानं! सांगायचं होतं, दादा, होत नाही मला. मी काय खाल्लं असतं त्याला? दोन दिवसांचं काम होतं, येसबा. कुशीत एकेक पट्टी वाढवली असती. दोन दिवसांचं काम!"

"आणि माप द्यायला आला असता तो?"

"आला असता."

"उंबऱ्याला पाय लावून?"

रायाजीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. येसबा उठला नाही, पाठीवर हात फिरवायला गेला नाही. म्हाताऱ्यानं आपली भाकरी मोडली, एक घास तोंडात घातला आणि सावकाश चावत बसून राहिला. रडणं थांबेस्तोवर तो खात राहिला, आणि रडणं बराच वेळ चाललं.

"तुम्हीच सांगा आता," रायाजी म्हणाला. "मी मारलं ना त्याला?"

"भाल्यानं मारलं."

"येसबा!"

"भाला धरणाऱ्यानं मारलं. मी नव्हतो तिथं. तूही नव्हतास."

"मग मी काय केलं?"

येसबानं ताटलीतली मीठ-मिरची बोटानं पुसून घेतली.

"तुला पाठ होतं," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं या गोष्टीवर चकार शब्द काढला नाही. रायाजीनं दोनदा विचारून पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा येसबानं कोपऱ्यातली कानस त्याच्यापुढं सरकवली.

"उसव."

"काय?"

"सगळं."

रायाजीला वाटलं होतं, हे आपल्याला जमणार नाही. पण दोन वर्षं चिलखत मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाच्या हातांना अखेर काम मिळालं होतं. आतून चपटा केलेला बुंधा कानशीनं घासायचा. घासून घासून काढायचा. मग टोच्यानं हलकेच ठोकायचं, की खिळा बाहेर पडतो. तीन खिळे पडले की एक पाती मोकळी होते.

स्वतःच केलेलं काम होतं. एवढं मजबूत कशाला केलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

चार दिवस लागले. छातीच्या मोठ्या पात्या, कमरेच्या लहान, काखेखालच्या निमुळत्या. एकेक सुटत गेली तशी ओसरीवर रास वाढत गेली. मखमलीवर नुसती भोकं राहिली, तीन-तीनच्या झुबक्यांनी. उजव्या कुशीतल्या दोसुतीवर एक फिकट तपकिरी डाग होता, धुऊनही न गेलेला. रायाजी त्या डागापाशी आला तेव्हा दिवसभर पुढं गेला नाही. संध्याकाळी रायाजीनं तो कापडाचा तुकडा तेवढा कापून घेतला, ओढ्यावर नेला आणि काठाशी मातीत पुरला. वर एक धोंडा ठेवला. मंत्र त्याला येत नव्हते. "भानू," असं म्हणाला, आणि पुढं काही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पात्यांची रास होती. खिळे वाटीत होते. तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. येसबा आपल्या जागी, मांडीवर चामड्याचा तुकडा घेऊन.

"जाशील आता?" येसबानं विचारलं.

"कुठं?"

"...ते खरं."

शेळ्या येऊन गेल्या. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं.

"मग मला एक चिलखत कर," येसबा म्हणाला.

रायाजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुम्हाला?"

"हं."

"तुमच्यावर कोण चालून येणार आहे, येसबा? आळीत माणूस नाही."

"म्हणून काय झालं?"

"आणि हे ओझं पेलेल तुम्हाला? त्या दिवशी उचलत नाही म्हणालात."

"ते तुझ्या मापाचं होतं."

रायाजीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. दोन वर्षांत तिथं काही हललं नव्हतं.

"पन्नास वर्षं," येसबा म्हणाला, "या ओसरीवर मी लोकांची मापं घेतली. सरदारांची घेतली, त्यांच्या पोरांची घेतली. माझी कारभारीण दोरा धरायची. ती गेल्यावर या अंगाला कुणी दोरा लावलेला नाही. घेरा किती, मलाच ठाऊक नाही. म्हातारपणी माणूस आकसतो म्हणतात. आकसलोय का, ते तरी कळेल."

त्यानं कनवटीला चाचपून दोऱ्याची गुंडाळी काढली आणि समोर धरली.

रायाजीनं दोरा घेतला. घेतला आणि तसाच उभा राहिला. पात्या ठोकायला सांगा, ठोकल्या असत्या. सगळी रास भट्टीत घालून पुन्हा गाळ म्हणा, गाळली असती. पण हे काम त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. मापं शिंपी आणून द्यायचा, गाठी मारलेल्या दोऱ्यावर. तो फक्त लोखंड कापायचा.

"कसं घेऊ?"

येसबा खांबाला धरून उठला आणि त्याच्यापुढं उभा राहिला. दोन्ही हात अंगापासून जरा दूर केले.

"लांबून नाही येत ते," तो म्हणाला.

रायाजी एक पाऊल पुढं गेला. दोरा पाठीमागं टाकून दुसऱ्या हातात धरायचा, तर हात पुरेनात. आणखी एक पाऊल. आता त्याचे दोन्ही हात म्हाताऱ्याच्या काखांखालून पाठीमागं गेले, चाचपडले, दोऱ्याचं दुसरं टोक सापडलं. त्याची हनुवटी येसबाच्या खांद्याला लागली. खांदा नुसता हाडांचा होता. कमावलेल्या चामड्याचा वास आला, चुलीच्या धुराचा आला. मुंडाशाखालची म्हाताऱ्या कातडीची ऊब गालाला लागली, आणि आपल्याला किती दिवसांत कुणी शिवलं नाही, हे रायाजीला एकदम कळलं.

त्यानं घाईघाईनं दोरा पुढं ओढला, दोन्ही टोकं छातीवर आणली आणि चिमटीत धरून तो मागं सरू लागला.

दोऱ्याच्या आत, सावकाश, बरगड्या वर येत होत्या.

"थांब," येसबा म्हणाला. "अजून श्वास घेतोय मी."